गर्दी आहे तर आणखी लोकल का सोडत नाहीत?

बदलापूर, विरार किंवा पनवेलहून रोज मुंबईत येणाऱ्याच्या तोंडी हा प्रश्न असतोच. गर्दी रोजची आहे, मग गाड्या वाढवायला काय जातं? रेल्वेकडे पैसा नाही, रेक (डबे जोडून तयार केलेल्या गाड्या) नाहीत, इच्छाशक्ती नाही, अशी उत्तरं डब्यातच मिळतात. त्यातली काही अर्धवट खरीही असतात. पण मुख्य कारण बरंच रुक्ष आहे. सकाळी ८ ते ११ या वेळात रुळांवर जागा उरलेली नाही. उद्या कारशेडमध्ये दहा नवे रेक येऊन उभे राहिले, तरी गर्दीच्या वेळी ते कुठे घुसवायचे हा प्रश्न तसाच राहील.

मुंबई अशी का झाली, ते नकाशात दिसतं. शहर म्हणजे उत्तर-दक्षिण लांबलेली अरुंद पट्टी. मंत्रालय, उच्च न्यायालय, बँका, शेअर बाजार दक्षिण टोकाला. वाढायला जागा फक्त उत्तरेकडे, आणि ती वाढ रुळांच्या कडेकडेने झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली, १८६७ मध्ये विरारहून दिवसाला एक गाडी सुरू झाली. आज चर्चगेटहून डहाणू रोड १२४ किलोमीटर, सीएसएमटीहून कसारा १२१ आणि खोपोली ११५ किलोमीटर, इतक्या लांबून लोकलने माणसं येतात. मध्य रेल्वेवर साधारण १,८०० आणि पश्चिम रेल्वेवर १,४०० च्या आसपास फेऱ्या रोज होतात आणि त्यांतून सुमारे ७५ लाख प्रवास होतात. राजधानीत घर परवडत नाही म्हणून माणूस नालासोपाऱ्याला किंवा टिटवाळ्याला जातो, आणि नोकरी मात्र राजधानीतच ठेवतो. हे दोन्ही एकाच वेळी शक्य होतं ते लोकलच्या पासमुळे.

ही माणसं रस्त्याने आणायची म्हटलं तर काय होईल? मोटारींच्या एका लेनमधून तासाला फार तर १,८०० गाड्या जातात. दर गाडीत दीड माणूस धरला तर २,७०० माणसं. लोकलच्या एका रुळावर दर तीन मिनिटांनी गाडी म्हणजे तासाला २० गाड्या. गर्दीच्या वेळी १२ डब्यांच्या गाडीत साडेचार हजार माणसं धरली तर ९० हजार. तेवढ्यांना मोटारीने आणायला एका दिशेला तीसेक लेनचा रस्ता लागेल. फक्त हा ९० हजारांचा आकडा अभिमानाने सांगण्यासारखा नाही. १२ डब्यांच्या गाडीत बसायच्या जागा बाराशेच्या आतबाहेर असतात. बाकीचे एका चौरस मीटरला १४ ते १६ जण या हिशेबाने उभे असतात, आणि रेल्वेने या अवस्थेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव देऊन ठेवलं आहे.

तीन मिनिटांत काय काय होतं

दोन गाड्यांमधलं अंतर तीन मिनिटांवरून दोनवर आणलं की फेऱ्या दीडपट होतील, हा कागदावरचा हिशेब बरोबर आहे. अडचण कुठे येते हे समजण्यासाठी आधी सिग्नल पाहू.

रूळ छोट्या छोट्या तुकड्यांत वाटलेला असतो. प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी स्वयंचलित सिग्नल असतो आणि एका वेळी एका तुकड्यात एकच गाडी, हा मूळ नियम. तुकड्यात गाडी असेल तर सिग्नल लाल. एकच तुकडा मोकळा असेल तर पिवळा, दोन असतील तर दोन पिवळे, तीन किंवा जास्त असतील तर हिरवा. मोटरमनला वेग न उतरवता यायचं असेल तर त्याला हिरवे सिग्नल मिळत राहिले पाहिजेत. म्हणजे पुढची गाडी तीन तुकडे पुढे हवी. १२ डब्यांची गाडी सुमारे २६० मीटर लांब असते. ती फलाटात शिरणार, थांबणार, पुन्हा वेग घेणार आणि तिचा शेवटचा डबा तुकड्याबाहेर पडणार, मगच मागचा सिग्नल सुधारतो.

यात सगळ्यात बेभरवशाचा भाग थांब्याचा. वेळापत्रकात थांबा २० ते ३० सेकंदांचा असतो. दादरला उतरणारे आणि चढणारे एकमेकांना भिडले की तोच ५० सेकंदांचा होतो. जास्तीचे २० सेकंद वाटतात किरकोळ, पण तीन मिनिटांच्या अंतरात सावरायला सवड जवळजवळ नसते. ओळीने दहा गाड्यांना २०-२० सेकंद जास्त लागले तर २०० सेकंद गेले, म्हणजे एका अख्ख्या गाडीची जागा गेली. मग उद्घोषणा होते की गाडी काही मिनिटं उशिराने धावत आहे. मोडलेलं काहीच नसतं.

म्हणून नवी सिग्नल यंत्रणा आली की प्रश्न सुटेल, हे अर्धंच खरं आहे. तुकड्यांऐवजी गाडीचं नेमकं ठिकाण संगणकाने सतत मोजलं तर गाड्या जवळजवळ चालवता येतात, मेट्रोत तसंच होतं. पण मेट्रोच्या रुळावर एकाच जातीच्या गाड्या असतात, सगळ्या सारख्या थांबतात, आणि कुणी दाराला लटकत नाही.

अरुंद जागा

तुंबलेल्या मोरीत आणखी एक बादली ओतून पाणी लवकर जात नाही. लोकलच्या जाळ्यात अशा तुंबणाऱ्या जागा मोजक्या आहेत आणि सगळं वेळापत्रक त्यांच्याभोवती बांधलेलं आहे.

पहिली जागा टर्मिनस. चर्चगेटला फलाट चार. आलेली गाडी त्याच फलाटातून उलटी निघते. मोटरमनला उतरून २६० मीटर चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जायला वेळ लागतो, म्हणून गर्दीच्या वेळी दुसरा मोटरमन त्या टोकाला आधीच उभा ठेवतात. गाडी आत येणं, रिकामी होणं, भरणं, सुटणं आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी) पुन्हा लागणं या सगळ्याला फलाटामागे सहा मिनिटं धरली तर चार फलाटांवरून तासाला ४० गाड्या निघतात. हीसुद्धा कमाल मर्यादा झाली. कारण एका फलाटात शिरणारी गाडी दुसऱ्या फलाटातून निघणाऱ्या गाडीचा मार्ग कापते आणि एकीला थांबावंच लागतं.

दुसरी जागा फाटे. हार्बर मार्गाचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. सीएसएमटी ते वडाळा रोड हा दोनच रुळांचा मार्ग, आणि वडाळ्याला एक फाटा वांद्रे-अंधेरी-गोरेगावकडे जातो, दुसरा कुर्ला-वाशी-पनवेलकडे. अलीकडच्या भागात तासाला जितक्या गाड्या मावतील तेवढ्याच दोन्हीकडे वाटायच्या. पनवेलची फेरी वाढवली की गोरेगावची कमी होणार. शिवाय फास्टसाठी वेगळे रूळ नाहीत, त्यामुळे पनवेलच्या माणसाला ४९ किलोमीटर प्रत्येक स्टेशनाला नमस्कार करत यावं लागतं.

कल्याणला हेच मोठ्या प्रमाणात होतं. तिथे कसारा आणि कर्जत असे दोन मार्ग फुटतात. त्यांतूनच लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या येतात आणि एका रुळावरून दुसऱ्यावर जाताना लोकलचा मार्ग कापतात. उत्तरेकडून पाच तास उशिरा आलेली एखादी मेल नेमकी सकाळी साडेआठला कल्याणात शिरली की तिला कुठेतरी वाट द्यावीच लागते. म्हणून पाचवी-सहावी मार्गिका हा विषय डोंबिवलीकराला वाटतो त्यापेक्षा फार जवळचा आहे. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली आणि कुर्ल्यापर्यंत लोकल व मेल वेगळ्या झाल्या. कुर्ल्याच्या दक्षिणेला मात्र त्या पुन्हा एकत्र येतात.

तिसरी जागा फाटक. दिव्याचं फाटक वाहनांसाठी उघडलं की दोन्ही बाजूंचे सिग्नल लाल. वाहनं अडकली, फाटक वेळेवर बंद झालं नाही, की चार-पाच मिनिटं गेली. म्हणजे दिव्यातला एक अडकलेला टेम्पो घाटकोपरच्या फलाटावरची गर्दी वाढवतो.

चौथी जागा जिना, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. जिन्यावरून एका मीटर रुंदीला मिनिटाला साधारण ५०-६० माणसं जातात. तीन मीटरचा जिना म्हणजे मिनिटाला १७०. दोन गाड्या एकदम आल्या आणि १,६०० माणसं उतरली तर जिना मोकळा व्हायला नऊ मिनिटं लागतील. तोवर आणखी गाड्या आलेल्या असतात. परळ-प्रभादेवीच्या गिरण्या जाऊन तिथे कार्यालयं आली, उतरणारे कित्येक पट झाले, आणि एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनचा पूल तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी पाऊस होता, लोक जिन्यावरच आडोशाला थांबले, मागून रेटा आला. २३ जणांचा जीव गेला. फेऱ्या वाढवण्याची मागणी करताना पूल, जिने आणि फलाटाची रुंदी आधी मागायला हवी, हे त्या दिवसानंतर तरी वेगळं सांगायला नको होतं.

मग काय करता येतं

फेरीची जागा न वाढवता माणसं वाढवण्याचा एक सरळ उपाय आहे: गाडी लांब करा. १२ चे १५ डबे केले की त्याच तीन मिनिटांत २५ टक्के जास्त माणसं जातात. पश्चिम रेल्वेने २००९ पासून हे सुरू केलं आणि पुढे अंधेरी-विरारच्या धीम्या मार्गावरही नेलं. मध्य रेल्वेवर १५ डब्यांच्या फेऱ्या अजून अगदी मोजक्या. फलाट ६५-७० मीटर वाढवायचे म्हणजे त्यांच्या टोकाचे सिग्नल हलवायचे, सांधे मागे न्यायचे, ओव्हरहेड वायरचे खांब सरकवायचे. कुठे फलाटाच्या तोंडाशी नाला असतो, कुठे पूल, कुठे रुळाला लागून वस्ती. एक स्टेशन जरी राहिलं तरी त्या मार्गावर प्रत्येक ठिकाणी थांबणारी १५ डब्यांची गाडी चालवता येत नाही. शिवाय रात्री ती उभी करायला तेवढी लांब मार्गिका लागते.

विजेतही असाच एक बदल झाला, पण तो प्रवाशांना दिसला नाही. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला पहिली विजेची गाडी हार्बर मार्गाने धावली, ती १,५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त. चार-पाच गाड्या एकदम वेग घेऊ लागल्या की तारेतला दाब पडायचा आणि गाड्या रेंगाळायच्या. २५,००० व्होल्ट एसीवर (दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहावर) तीच शक्ती सुमारे सोळाव्या हिश्श्याच्या प्रवाहात मिळते. हा बदल पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्यच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये पूर्ण झाला. जास्त व्होल्टेजच्या तारेला वर जास्त मोकळी जागा लागते, आणि ब्रिटिशकालीन पूल बुटके. सॅन्डहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला गेला त्यामागे हेही कारण होतं. नव्या रेकच्या मोटरी ब्रेक लावताना वीज तयार करून तारेत परत सोडतात, तो फायदा वेगळा.

एसी म्हणजे वातानुकूलित लोकलबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी जरा जास्तच तावातावाने बोललं जातं. पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर आली. रुळावर जागा नसल्यामुळे एसी फेरी बहुतेक वेळा साध्या फेरीच्या जागी येते. ज्याच्याकडे एसीचा पास नाही तो मागच्या साध्या गाडीत कोंबला जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये कळवा आणि बदलापूरला लोकांनी आंदोलन केलं ते यामुळेच. दुसरीकडे, बंद दाराची गरज कुणी नाकारू शकत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. गाडीतून पडून आणि रूळ ओलांडताना मिळून मुंबईत वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरत आली आहेत. त्या अपघातानंतर साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं लावायचं ठरलं. त्यात प्रश्न हवेचा येतो: दार बंद केलं की १५ माणसं प्रति चौरस मीटरच्या गर्दीत गुदमरायला होईल. त्यासाठी दारांना झरोके, छतावर हवा आत घेणारी यंत्रं आणि डब्यातून डब्यात जाता येईल अशी जोडणी, असा आराखडा पुढे आला. दार मिटेपर्यंत गाडी हलणार नाही, म्हणजे थांब्याचे सेकंद पुन्हा वाढणार. ते कुठून तरी भरून काढावे लागतील.

सगळ्यात स्वस्त उपाय रुळावरचा नाहीच. सकाळी सगळे एकाच वेळी दक्षिणेला निघतात म्हणून ही कोंडी आहे. कार्यालयं अर्धा-अर्धा तास पुढेमागे झाली तर त्याच गाड्यांत जागा होते. २०२३ मध्ये मध्य रेल्वेने आपल्या मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांना दोन वेगळ्या वेळा देऊन सुरुवात केली आणि इतर कार्यालयांनाही तसं सुचवलं. प्रतिसाद थंड आहे. मंत्रालयापासून सुरुवात झाली तर बाकीच्यांना कारण सांगणं कठीण जाईल.

पाऊस, थंडी आणि रविवार

रुळांतून सतत एक हलका विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडीची चाकं तो एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जोडतात आणि यंत्रणेला कळतं की इथे गाडी आहे. पावसात खडी पाण्याने आणि चिखलाने भरली की गाडी नसतानाही प्रवाह गळतो, आणि यंत्रणा सुरक्षित बाजू म्हणून सिग्नल लाल करते. पाणी आणखी चढलं की सांधे हलवणाऱ्या मोटरी बंद पडतात, आणि गाडीच्या डब्याखालच्या मोटरींपर्यंत पोचायच्या आत गाड्या थांबवाव्या लागतात. जागाही ठरलेल्या: शीव-कुर्ला, चुनाभट्टी, मशीद, वसई-नालासोपारा. मिठी नदी भरलेली आणि समुद्राला मोठी भरती असेल तर पाण्याला बाहेर जायला वाटच नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा भरतीने हेच केलं.

थंडीत उलटं. जोडून लांब केलेले रूळ पहाटेच्या गारव्यात आकसतात आणि कच्च्या जोडाला तडा जातो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी ‘रुळाला तडा’ ही बातमी येते त्याचं कारण हे.

दुरुस्तीसाठी रात्री साधारण १ ते ४ एवढाच वेळ मिळतो. त्यात वीज बंद करणं, यंत्र आणणं, काम, आणि पुन्हा तपासणी. प्रत्यक्ष काम दोन तास झालं तरी खूप. उरलेलं रविवारी दिवसा मेगाब्लॉक घेऊन उरकतात. रविवारी बाहेर पडायचं असेल तर शनिवारीच ब्लॉकचं पत्रक बघावं: कोणत्या दोन स्टेशनांमध्ये, फास्ट की स्लो मार्गावर, आणि किती ते किती. फास्ट मार्गावर ब्लॉक असेल तर त्या गाड्या स्लोवर वळवतात आणि मधल्या काही स्टेशनांवर थांबतात, म्हणजे कधीकधी तुमच्या फायद्याचंही असतं.

स्टेशनाबाहेर

लोकल उत्तर-दक्षिण धावते. पूर्व-पश्चिम जायला जून २०१४ मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो येईपर्यंत रस्त्याशिवाय किंवा दादरला वळसा घालण्याशिवाय इलाज नव्हता. मेट्रोने तो वळसा वाचवला आणि गर्दी घाटकोपरला आणून ठेवली, कारण मेट्रो जिथे लोकलला मिळते तिथला पूल जुन्याच मापाचा होता. आरे ते कफ परेड ही ‘मेट्रो ३’ नावाची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झाली. वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळ, वरळी, काळबादेवी अशा जागा तिने जोडल्या, ज्यांना लोकल नीट कधी भिडलीच नव्हती. तिची आठ डब्यांची गाडी अडीच हजारांच्या आसपास माणसं नेते. ती लोकलची जागा घेणार नाही, पण दादर-वांद्र्याला उतरून टॅक्सीच्या रांगेत उभं राहणारे कमी करू शकते.

बसचं गणित मात्र सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत दुर्लक्षित. १२ किलोमीटरचा मार्ग घ्या. बस ताशी १२ किलोमीटरने चालली तर जायला एक तास, यायला एक तास. दर दहा मिनिटांनी बस हवी तर १२ बस लागतील. रस्त्यात दुहेरी पार्किंग, खोदकाम आणि मोटारी वाढून वेग ८ वर आला तर फेरी तीन तासांची. त्याच १२ बस आता दर १५ मिनिटांनी येतील. दहा मिनिटांचं अंतर टिकवायचं तर १८ बस, १८ चालक, दीडपट खर्च, आणि प्रवासी तेवढेच. बेस्टचा तोटा वाढण्यात या मंद वेगाचा वाटा मोठा आहे. एकेकाळी चार हजारांच्या वर असलेला बेस्टचा ताफा आता तीन हजारांच्या खाली आला आहे, त्यातही मोठा हिस्सा कंत्राटी बसचा. मे २०२५ मध्ये किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, तेव्हा जवळच्या अंतराला तिघांत वाटून घेतलेली शेअर रिक्षा आणि बस यांतला फरक अनेक ठिकाणी पुसला गेला.

अर्धा तास बस नाही आणि मग एकदम तीन, याचंही कारण इथेच आहे. पुढची बस सिग्नलला अडकली की तिच्या थांब्यांवर जास्त माणसं जमतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, ती पळत येऊन पुढचीला गाठते. यावर इलाज म्हणजे वेगळी बसमार्गिका, आणि टोकाच्या थांब्यावरून बस ठराविक अंतराने सोडणारा नियंत्रक.

महामुंबईत बेस्टखेरीज ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार अशा प्रत्येक महापालिकेची वेगळी बससेवा आहे. मेट्रोच्या संस्था वेगळ्या, रेल्वे वेगळी. प्रवासी एक, तिकिटं चार. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मुंबई वन’ अॅपवर ११ सेवांची तिकिटं एकत्र काढता येतात. रांग त्याने वाचते, वाहन बदलताना लागणारी वेळ वाचत नाही.

ती वाचवायची तर बस स्टेशनाच्या दारात यायला हवी, आणि तिथे तर रिक्षा, फेरीवाले आणि दुचाक्यांनी जागा घेतलेली असते. ठाणे पश्चिमेला ‘सॅटिस’ म्हणून जो उंच डेक आहे, तो यासाठीच बांधला. बस वरच्या मजल्यावर येतात, रेल्वेच्या पादचारी पुलावरून माणूस रस्त्यावर न उतरता थेट बसथांब्यावर पोचतो, आणि रिक्षा खालीच राहतात. खांबांची गर्दी आणि डेकखालचा अंधार यांवर टीका झाली, ती रास्तही आहे. पण फलाटावरून बसपर्यंत सरळ चालत जाता येतं अशी स्टेशनं महामुंबईत फार नाहीत. ठाणे पूर्वेला तसाच डेक उभारायला घेतलेला आहे.